कान फुटला, औषध दिलं, बोल हरपले? एका संशयाचा इतिहास

आजचा विषय मी गेले दोन-तीन महिने टाळत होतो. कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास सांगता येणार नाही. म्हणून आधी ती चूक.

माझी धाकटी बहीण बडोद्याला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, १४ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, ज्याला आपण सगळे ऑटिझम म्हणतो. वीस-पंचवीस शब्द बोलतो, बाकीचं चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका रात्री तो उजव्या कानावर तळहाताने थापा मारायला लागला. बहिणीला वाटलं, शेजारी बांधकाम चालू आहे, त्या आवाजाचा त्रास होत असेल. दुसऱ्या दिवशी ताप आला. डॉक्टरांनी कानात पाहिलं, पडद्यामागे पू साचलाय म्हणाले आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. बहिणीनं औषध आणलं, फ्रीजवर ठेवलं आणि तीन दिवस दिलंच नाही. चौथ्या दिवशी पहाटे कान फुटला. उशीवर पू आणि रक्त.

मी फोनवर जरा चढ्या आवाजात विचारलं, "अगं, औषध घरात होतं ना?" ती म्हणाली, "दादा, तूच नाही का तो लेख पाठवला होतास?"

पाठवला होता. सहा वर्षांपूर्वी, मोबाइलवर, सकाळच्या चहासोबत. लहानपणी वारंवार कान फुटणं, त्यावर दिलेली अँटिबायोटिक्स आणि त्यातून होणारा ऑटिझम, असा तो लेख होता. भाच्याचा कान नवव्या महिन्यात पहिल्यांदा फुटला होता. त्या वर्षात त्याला गुलाबी रंगाच्या औषधाचे पाच कोर्स झाले होते. दोन वर्षांचा होता होता त्याचे "आई", "पाणी", "काऊ" हे शब्द गेले. लेख वाचून बहिणीनं जुन्या चिठ्ठ्यांची फाइल काढली, तारखा लावल्या, आणि हिशेब बरोबर जुळला. नात्यातल्या एका मोठ्या माणसानं भर घातली, "तू औषधांचा मारा केलास, दुसरं काय होणार!"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कागद हातात आला की तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, हे आधी विचारा, असं मुलांना सांगत आलो. आणि तो लेख मात्र काहीही न विचारता पुढे ढकलला. आज ते तीन प्रश्न उशिरा विचारतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला कोणतं औषध द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण हा संशय आला कुठून, वाढला कसा आणि तपासला कोणी, हे सांगणं इतिहासाचं काम आहे.

औषध नव्हतं तेव्हा

आपल्याकडे कान दुखला की लसणाची पाकळी टाकून कोमट केलेलं तेल घालायचे. पाजताना बाळाचं डोकं वर धरावं, आडवं पाजू नये, हेही आजी सांगायची. त्या दुसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे. घशाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. म्हणून कान फुटणं हा मुख्यतः बाळपणीचा आजार आहे. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांची होईपर्यंत १०० पैकी ८० हून अधिक मुलांना हा त्रास एकदा तरी झालेला आढळला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी हा आजार किती वाईट वळण घेऊ शकत असे, ते एका घराण्याकडे पाहून कळतं. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले कर्णशल्यचिकित्सक. १८५३ मध्ये त्यांनी कानाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. कानामागच्या हाडात पू झाला तर कुठे चीर द्यायची हे त्यांनी सांगितलं, आणि त्या छेदाला त्यांचंच नाव मिळालं. त्यांचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड. १९०० साली पॅरिसमध्ये त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तो वारला. वय ४६. कानाच्या डॉक्टरचा मुलगा, पण कानातून मेंदूकडे सरकलेल्या आजारापुढे कोणाचंच काही चाललं नाही.

जर्मनीत हेर्मान श्वार्त्से यांनी १८७३ मध्ये कानामागचं हाड कोरून पू काढण्याची पद्धत मांडली. पुढची साठ-सत्तर वर्षं हाच मोठा आधार होता. मग १९३५ मध्ये गेरहार्ट डोमाक यांच्या संशोधनातून सल्फा औषधं आली. फ्लेमिंगनी १९२८ मध्ये पाहिलेल्या बुरशीतून ऑक्सफर्डच्या चमूनं औषध तयार केलं आणि १९४१ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचलं. भारत सरकारनं १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा त्याला हातभार होता. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढे १९७० च्या दशकात अ‍ॅमॉक्सिसिलिन बाजारात आलं. ते तोंडावाटे देता येई, पातळ औषधाच्या रूपात मिळे आणि चवीला गोड असे. घरोघरी माहीत झालेली ती गुलाबी बाटली बहुतेक वेळा त्याचीच. कानामागचं हाड कोरण्याची वेळ आता क्वचितच येते, याचं बरंचसं श्रेय या औषधांना आहे.

पहिला संशय बहिरेपणाचा

आता दुसरा धागा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ही मुलं स्वतःतच रमायची, माणसांपेक्षा वस्तूंशी त्यांचं जास्त जमायचं, ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला तरी कासावीस व्हायची. ऑटिझमचा आजचा इतिहास बहुतेक जण इथूनच सुरू करतात.

तो निबंध वाचताना मला एक गोष्ट जाणवली. या कथेत कान पहिल्या दिवसापासून आहे. ११ पैकी एका मुलाला आईवडिलांनी आणलं होतं तेच मुळी "हा बहिरा आहे" या तक्रारीवरून. आणखीही काही मुलांबद्दल घरच्यांना तशी शंका आली होती. हाक मारली तर मूल वळून बघत नाही, मग त्याला ऐकू येत नसणार, हा साधा तर्क. माझ्या बहिणीनंही आधी स्टीलची ताटली भाच्याच्या मागे आपटून पाहिली होती. कॅनर यांच्याकडची मुलं बहिरी नव्हती. ऐकू येत होतं, पण हाकेला प्रतिसाद देण्याची त्यांची रीत वेगळी होती.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. ही ११ मुलं जन्मली १९३० च्या दशकात, आणि पेनिसिलिन सर्वसामान्य माणसांपर्यंत पोहोचलं १९४४-४५ च्या सुमारास. त्याआधी, १९२५ मध्ये, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच स्वभावाच्या सहा मुलांचं वर्णन केलं होतं. तेव्हा तर सल्फाही नव्हतं. म्हणजे ऑटिझम अँटिबायोटिक्सच्या आधीपासून आहे. एवढ्यावरून "औषधानं धोका वाढतच नाही" असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण "ही आधुनिक औषधांची देणगी आहे" हे वाक्य मात्र तारखांपुढे टिकत नाही.

दुसरा संशय आईवर

कॅनर यांनी १९४३ मध्ये ही अवस्था जन्मजात असावी असंच लिहिलं होतं. पण आईवडील थंड, कोरडे असतात असंही त्यांनी नोंदवलं, आणि पुढच्या वीस वर्षांत लोकांनी ती दुसरी गोष्टच उचलून धरली. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द आला. आईनं माया केली नाही म्हणून मूल मिटून गेलं, असा त्याचा अर्थ. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हेच ठासून मांडलं. एका संपूर्ण पिढीतल्या आया हा शिक्का कपाळावर घेऊन जगल्या.

तो शिक्का पुसायला सुरुवात केली एका वडिलांनीच. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधायला हवं असं मांडलं. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनीही आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. मग १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांचा जुळ्या मुलांचा अभ्यास आला. त्यात जुळ्यांच्या २१ जोड्या होत्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, तर १० बिनसारख्या जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हती. जोड्या थोड्या होत्या, पण दिशा स्पष्ट होती. आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी ते पक्कं केलं.

आता एखादा श्रोता म्हणेल, मग संसर्गाचा काहीच संबंध नाही का? आहे, एका ठिकाणी नक्की आहे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी साथ आली. गरोदरपणी आईला हा आजार झाला होता अशी २४३ मुलं न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी तपासली. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातल्या १० मुलांत पूर्ण आणि ८ मुलांत अंशतः ऑटिझम दिसला. हे प्रमाण त्या काळच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या कितीतरी पट होतं. पण हा संसर्ग पोटातल्या बाळाला झालेला होता, जन्मानंतर कानाला झालेला नव्हे. आणि त्यावर उपाय निघाला तो लसीचा.

तिसरा संशय कानावर आणि बाटलीवर

कान आणि ऑटिझम यांची आकड्यांत गाठ घालणारा एक महत्त्वाचा निबंध १९८७ मध्ये आला. कॅनडातल्या मेरी कॉन्स्टँटॅरियस आणि सूला होमॅटिडिस यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना विचारलं, कान किती वेळा दुखला? उत्तर आलं, इतर मुलांपेक्षा जास्त वेळा. नोंद प्रामाणिक होती. पण ती पालकांच्या आठवणीवर उभी होती, आणि जिच्या मुलाचे बोल हरपलेत ती आई मागचा एकेक दिवस चाळून काढते. शेजारणीला आपल्या मुलाचा कान तीन वेळा फुटला की पाच वेळा, हे आठवतही नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी एका आईनं स्वतः लेखणी उचलली. एलन बोल्ट या अमेरिकन महिलेच्या मुलाला कानासाठी पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक्स दिली गेली आणि नंतर त्याची वाढ मागे फिरली. त्या डॉक्टर नव्हत्या. ग्रंथालयात बसून त्यांनी वैद्यकाचे ग्रंथ वाचले आणि १९९८ मध्ये एक तर्क प्रसिद्ध केला. औषधानं आतड्यातले चांगले जंतू मरत असतील, त्या जागी विष सोडणारे जंतू वाढत असतील आणि ते विष मेंदूपर्यंत जात असेल, असा तो तर्क होता. जंतुशास्त्रज्ञ सिडनी फायनगोल्ड यांच्यासारख्या मोठ्या माणसानं तो गांभीर्यानं घेतला. २००० साली ११ मुलांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना व्हँकोमायसिन तोंडावाटे दिलं होतं. हे औषध आतड्यातच काम करतं, रक्तात फारसं उतरत नाही. बहुतेक मुलांत काही काळ सुधारणा दिसली आणि नंतर ती बरीचशी ओसरली.

गंमत बघा, ज्या तर्कात अँटिबायोटिक आरोपी होतं, त्याच तर्काची परीक्षा अँटिबायोटिक देऊनच झाली. मला या बाईंबद्दल आदर वाटतो. त्यांनी तर्क तर्क म्हणूनच मांडला आणि तो तपासा म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. माझ्यासारखा पुढे ढकलला नाही.

२००५ मध्ये जोन फॅलन यांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनेट यांच्या जोड औषधावर बोट ठेवलं. त्यांनी २०६ स्वमग्न मुलांची माहिती दिली. या मुलांना मिळून अँटिबायोटिक्सचे २,४८० कोर्स झाले होते, त्यातले ८९३ या जोड औषधाचे. आकडे ऐकून धस्स होतं. पण शेजारी ठेवायला, ऑटिझम नसलेली २०६ मुलं त्यात नव्हती. वाण्यानं एकाच पारड्यात माल टाकून वजन सांगावं, तसं ते झालं. मला आलेल्या लेखात जवळपास हेच आकडे होते, आणि दुसरं पारडं कुठे आहे हे मी विचारलं नाही.

त्याच काळात लशीचं प्रकरणही झालं, ते तुम्हाला माहीत आहे. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये १२ मुलांवरचा निबंध आला, आणि त्यातले घोळ उघडकीस आल्यावर नियतकालिकानं २०१० मध्ये तो मागे घेतला. ते प्रकरण आणि हे प्रकरण एकाच तागडीत तोलू नये. इथे कोणी खोटेपणा केला असं दिसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच योगायोग आहे. कान सर्वाधिक फुटतात ते सहा महिने ते दोन वर्षं या वयात. बऱ्याच लशी त्याच वयात होतात. आणि मूल बोलत नाही, बघत नाही, शिकलेले शब्द गेले, हे लक्षात येतं तेही दीड-दोन वर्षांचं असतानाच. आपल्याकडे यालाच म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. १०० पैकी ८० हून अधिक मुलांचे कान कधी ना कधी दुखणार असतील, तर स्वमग्न मुलांतल्या बहुतेकांच्या फायलीतही कानाच्या चिठ्ठ्या सापडणारच. बहिणीच्या तारखा जुळल्या त्या अशा. ज्या घरात ऑटिझम नाही त्या घरातही त्या तशाच जुळल्या असत्या, फक्त तिथे कोणी फाइल काढत नाही.

प्रश्न नीट विचारला तेव्हा

यावर उपाय एकच. आठवणीऐवजी त्या त्या वेळी झालेली नोंद बघायची, आणि ऑटिझम नसलेली मुलंही मोजायची. २००७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात ४०३ स्वमग्न आणि २,१०० इतर मुलं होती. पहिल्या दोन वर्षांत स्वमग्न मुलांना एकूण संसर्ग इतरांपेक्षा जास्त झालेले नव्हते.

मग २०१० मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला. १९८० ते २००२ या काळात जन्मलेली १४ लाखांहून अधिक मुलं त्यात होती. संसर्गासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत ऑटिझमचं निदान ३८ टक्क्यांनी जास्त दिसलं. इथेच थांबलं तर मथळा तयार! पण संशोधक थांबले नाहीत. संसर्ग सोडून इतर कारणांनी दाखल झालेल्या मुलांचं काय, हेही त्यांनी पाहिलं. त्यांच्यात तर ते ७६ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे दोष संसर्गाचा असता तर हे उलटं दिसलं असतं. बहुधा ज्या मुलांची वाढ वेगळी आहे ती या ना त्या कारणानं डॉक्टरांकडे जास्त जातात. जी मुलं डॉक्टरांकडे जास्त जातात, त्यांचं निदानही लवकर होतं.

औषधाचा प्रश्न कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं हाताळला. १९९८ ते २०१६ मध्ये जन्मलेल्या २,१४,८३४ मुलांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या वर्षात अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत ऑटिझम वाढलेला दिसला नाही. उलट आकडा किंचित कमीच होता, इतका किंचित की त्यालाही अर्थ देऊ नये, असं संशोधकांचं मत.

सगळेच अभ्यास इतके स्वच्छ नाहीत. काहींत थोडा संबंध दिसतो. म्हणून २०२१ मध्ये नेदरलँड्स आणि स्वीडनच्या संशोधकांनी पुन्हा जुळ्यांचा आधार घेतला. डच नोंदींत २५ हजारांहून अधिक जुळी मुलं होती, स्वीडनमध्ये आणखी सुमारे आठ हजार. सगळी मुलं एकत्र मोजली तर लहानपणी अँटिबायोटिक घेतलेल्यांत ऑटिझम थोडा जास्त दिसला. पण तेच घर, तीच आई, तोच जनुकांचा वारसा असलेल्या एकसारख्या जुळ्यांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. फरक बाटलीचा नव्हता, कुटुंबाचा होता. १९७७ मध्ये ज्या पद्धतीनं आईला दोषमुक्त केलं, त्याच पद्धतीनं ४४ वर्षांनी तिच्या हातातल्या चमच्यालाही मोकळं केलं.

आणि आतड्यातले जंतू? त्यावर काम चालू आहे. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात दिसलं की स्वमग्न मुलं मोजकेच पदार्थ खातात, आणि जंतूंमधला फरक बऱ्याच अंशी त्यामुळे पडतो. म्हणजे इथेही कारण आणि परिणाम यांची जागा उलटी असू शकते.

मग कानाचं काय?

बाटली सुटली म्हणून कान विसरायचा नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९० च्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या आयांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या. मूल दीड, अडीच आणि साडेतीन वर्षांचं असताना, म्हणजे ऑटिझमचं नावही निघण्याआधी. अशा दहा हजारांवर मुलांच्या नोंदी २०२३ मध्ये तपासल्या गेल्या. पुढे ज्या १७७ मुलांत ऑटिझमचं निदान झालं, त्यांच्यात कान ओढणं, कानातून पू येणं, सर्दीत कमी ऐकू येणं, तोंडानं श्वास घेणं आणि घोरणं जास्त होतं. संशोधकांनी स्पष्ट बजावलं की ही लक्षणं सगळ्याच मुलांत सर्रास दिसतात, त्यावरून ऑटिझम ओळखता येत नाही. पण या मुलांच्या कानाकडे जास्त लक्ष द्या, हा बोध त्यातून नक्की निघतो.

कारण पडद्यामागे पाणी साचून राहिलं की ऐकणं मंद होतं. पाण्यात डोकं बुडवून बोलणं ऐकावं तसं. ज्या मुलाला बोलायला आधीच कष्ट पडतात, त्याच्यावर हा दुहेरी बोजा. आणि असं मूल "आई, कान दुखतोय" म्हणत नाही. ते कानावर थापा मारतं, डोकं आपटतं, रात्री जागतं. आपण म्हणतो, ऑटिझममुळे करतंय. माझ्या बहिणीनं आणि मीही तेच म्हटलं होतं.

आपल्या देशासाठी हे फार महत्त्वाचं आहे. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली गेली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास दर आठ मुलांमागे एकाला वाढीशी संबंधित काही ना काही अडचण होती, आणि त्यात ऐकण्यातली अडचण सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी होती. ही गोष्ट तपासून कळते. बोलता न येणाऱ्या मुलाचीही श्रवणतपासणी यंत्रानं करता येते. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून उभी आहे. कायद्यानंही ऑटिझमला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा दिली आहे.

आणि अँटिबायोटिक वाट्टेल तसं द्यावं का? मुळीच नाही. साध्या सर्दीवर ते काम करत नाही, उगाच दिलं तर जुलाब होतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या घराण्यातली काही औषधं तर स्वतःच ऐकू येणं घालवू शकतात. १९८१ मध्ये डच डॉक्टरांनी दाखवून दिलं की कानदुखीची बहुतेक मुलं अँटिबायोटिकशिवायही बरी होतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनीही ठराविक मुलांत दोन-तीन दिवस लक्ष ठेवून वाट पाहण्याची मुभा दिली. पण ती वाट डॉक्टरांनी पाहायची असते, मूल तपासून, वेदना कमी करणारं औषध देऊन. फ्रीजवर बाटली ठेवून, मनात भीती धरून पाहायची नसते.

शेवटी एवढंच

हे सगळं वाचून झाल्यावर मी बडोद्याला गेलो. बहिणीसमोर बसून सांगितलं, मी पाठवलेला तो लेख खोडतो. तिनं फाइल काढली. पाच चिठ्ठ्या, पाच तारखा. मी म्हटलं, या फाइलमध्ये तुझा गुन्हा नाही. पाच वेळा मुलाचा कान दुखला आणि पाचही वेळा तू त्याला डॉक्टरकडे नेलंस, एवढंच यात लिहिलंय. ती काही बोलली नाही. फाइल बंद करून कपाटात ठेवली.

पुढच्या आठवड्यात तिनं भाच्याच्या कार्डांत एक नवं कार्ड वाढवलं. त्यावर कानाचं चित्र आणि लाल ठिपका. पावसाळ्यात एकदा त्यानं ते उचलून तिच्या हातात दिलं. त्याच दिवशी ती डॉक्टरांकडे गेली, आणि त्यांनी सांगितलेलं औषध त्याच रात्री सुरू केलं.

तुमच्या घरातही अशी एखादी फाइल असेल, किंवा मोबाइलमध्ये असा एखादा लेख आला असेल, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि दुसरं पारडं कुठे आहे? भेटू पुढच्या भागात.